महाविद्यालय बदलताना : दोन लहान महाविद्यालयांतून एकाची निवड



बारावीचा निकाल लागला की कोणत्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावा याविषयी सल्ला देणारे गल्लोगल्ली भेटतात. परंतु एक वर्ष पूर्ण झाल्यावर काही अपरिहार्य कारणाने महाविद्यालय बदलण्याची पाळी आली, तर त्या विद्यार्थ्याला सांगणारे कोणी नसते. आपल्या सरावली-बोईसर परिसरात अशी पाळी वरचेवर येते. तारापूर औद्योगिक वसाहतीतील एखादा कारखाना बंद पडतो, वडिलांची नोकरी जाते आणि मुंबईच्या वसतिगृहाचा खर्च झेपेनासा होतो. कधी आई आजारी पडते आणि थोरली मुलगी म्हणून तिला घरी बोलावून घेतले जाते. कधी ठेकेदाराकडे काम करणारे कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यातून बिऱ्हाड हलवून येथे येते आणि मुलाचे पहिले वर्ष तिकडे झालेले असते.

अशा वेळी घरात जो निर्णय होतो तो दोन-चार दिवसांत, आणि तोही वैतागून. मुलगा असेल तर “एक वर्ष गेले तर गेले” असे म्हणून त्याला पुन्हा प्रथम वर्षाला बसवतात. मुलगी असेल तर ते गेलेले वर्ष पुष्कळदा तिच्या शिक्षणाचे शेवटचे वर्ष ठरते. पुढे स्थळे पाहणे सुरू होते आणि पदवी राहून जाते. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहावेसे वाटले.

“चांगले महाविद्यालय कोणते?” हा प्रश्न नव्याने प्रवेश घेणाऱ्याचा आहे. बदलून येणाऱ्याने मात्र असे विचारावे की, माझे झालेले वर्ष कोणते महाविद्यालय जसेच्या तसे पदरात घेईल, आणि मी धरलेला विषय शेवटच्या वर्षापर्यंत कोठे शिकता येईल? आमच्या बँकेतलेच उदाहरण देतो. खाते एका शाखेतून दुसऱ्या शाखेत न्यायचे असेल तर नवी शाखा इमारतीने मोठी की लहान हे कोणी पाहत नाही. शिल्लक पुरती आली का, सही-फोटो जुळले का, मुदत ठेवीची नोंद राहून तर गेली नाही ना, हे पाहतात. विद्यार्थ्याची शिल्लक म्हणजे त्याचे उत्तीर्ण झालेले विषय, मिळालेली श्रेयांके आणि शिष्यवृत्तीची नोंद.

समजा, सरावलीतील एका मुलीने मुंबईत राहून बी.एस्सी.चे प्रथम वर्ष पूर्ण केले आहे आणि तिला आता घरी राहून द्वितीय वर्ष करायचे आहे. तिच्यासमोर रेल्वेच्या दोन दिशांना दोन महाविद्यालये आहेत. दक्षिणेला पालघरचे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय आणि उत्तरेला बोर्डीचे एन. बी. मेहता विज्ञान महाविद्यालय. मुंबईच्या नावाजलेल्या महाविद्यालयांशी तुलना केली तर दोन्ही लहानच म्हणावी लागतील. परंतु दोहोंच्या मागे मोठी माणसे उभी आहेत. पालघरचे महाविद्यालय १९६८ साली सुरू झाले. ज्यांचे नाव त्याला दिले आहे ते प्रा. शंकर वामन उर्फ सोनोपंत दांडेकर हे केळवे-माहीमचे, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य आणि वारकरी संतवाङ्मयाचे अभ्यासक. बोर्डीचे महाविद्यालय गोखले एज्युकेशन सोसायटीचे. ही संस्था १९१८ साली मुंबईत स्थापन झाली. बोर्डी गावाची शिक्षणाची परंपरा आचार्य भिसे यांच्यापासूनची, आणि तेथून जवळच कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले. हे सर्व माहीत असावे. पण निवड त्यावरून करू नये, कारण संस्थापकांची थोरवी सकाळची गाडी चुकली असता उपयोगी पडत नाही.

गाडीचा विचार प्रथम करावा, आणि तो नकाशावरून करू नये. बोईसर ते पालघर या मार्गावर मध्ये उमरोळी हे एकच स्टेशन आहे. १६ एप्रिल २०१३ पासून विरारची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागली. तेव्हापासून आपल्या मुलांना पालघरला जाणे-येणे पूर्वीपेक्षा सोपे झाले, जरी गाड्या विरारच्या अलीकडे जितक्या आहेत तितक्या नाहीत. बोर्डीला जायचे तर वाणगाव आणि डहाणू रोड मागे टाकून घोलवडला उतरावे लागते. उपनगरी गाडी डहाणूलाच संपते. पुढे मोजक्या गाड्या किंवा डहाणूहून समुद्राकाठच्या रस्त्याने एस.टी. अथवा रिक्षा, आणि तो रस्ता पंधरा किलोमीटरहून अधिक आहे. शिवाय सरावलीहून बोईसर स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा धरायची ती वेगळीच.

कला शाखेच्या मुलाला हे कदाचित चालून जाईल. विज्ञान शाखेच्या मुलीला चालेलच असे नाही, कारण तिचे प्रात्यक्षिक दुपारी असते आणि प्रयोग अर्धा टाकून गाडी पकडता येत नाही. म्हणून दोन्ही महाविद्यालयांचे द्वितीय वर्षाचे वेळापत्रक मागून घ्यावे. प्रात्यक्षिकाच्या शेवटच्या तासानंतर परतीची गाडी कोणती, ती चुकल्यास पुढची किती वाजता आणि घरी पोहोचायला किती वाजतील, हे वहीत लिहून काढावे. हिवाळ्यात सहाला अंधार पडतो. मुलीच्या आईला जर एखादे उत्तर द्यावे लागणार असेल तर ते हेच आहे. मुलीचे शिक्षण थांबते ते बहुधा नापास झाल्यामुळे थांबत नाही, परतीच्या वाटेच्या काळजीमुळे थांबते, असे माझे निरीक्षण आहे.

आता विषयांकडे वळू. लहान महाविद्यालयांत एक अडचण असते जी माहितीपुस्तिकेत ठळकपणे दिसत नाही. एखादा विषय पहिल्या दोन वर्षांना असतो, परंतु तृतीय वर्षाला मुख्य विषय म्हणून नसतो, कारण तेवढे विद्यार्थी अगर तेवढे प्राध्यापक नसतात. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला हे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस कळते आणि मग त्याला न आवडणाऱ्या विषयात पदवी घ्यावी लागते किंवा पुन्हा महाविद्यालय बदलावे लागते. तेव्हा “हा विषय आहे का?” असे न विचारता “हा विषय तृतीय वर्षाला मुख्य विषय म्हणून आहे का, आणि गेल्या वर्षी त्या वर्गात किती विद्यार्थी होते?” असे विचारावे. चारपेक्षा कमी विद्यार्थी असतील तर तो वर्ग पुढील वर्षी चालू राहील का, हेही विचारून घ्यावे. तेथे तो विषय शिकवणारे प्राध्यापक कायम आहेत की तासिका तत्त्वावर आहेत, हेसुद्धा विचारण्यात संकोच नको. तासिका तत्त्वावरील प्राध्यापक कमी शिकवतात असे मुळीच नाही; त्यांपैकी अनेक जण जीव तोडून शिकवतात. परंतु त्यांची नेमणूक दर वर्षी नव्याने होते आणि कधी कधी जुलै-ऑगस्ट उलटून गेला तरी होत नाही. तोवर विद्यार्थी वर्गात बसून राहतात.

श्रेयांकांचा विषय अलीकडचा आहे आणि आपल्यापैकी बऱ्याच पालकांना तो समजलेला नाही. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवी अभ्यासक्रमाची रचना बदलली. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांके, म्हणजे एका सत्राला साधारण वीस ते बावीस श्रेयांके लागतात. एक मुख्य विषय, एक गौण विषय आणि त्याबरोबर कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण वगैरे लहान लहान विषय. मिळालेली श्रेयांके विद्यार्थ्याच्या नावे जमा होण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली श्रेयांकांची बँक स्थापन करण्याचे नियम काढले. बँकवाला म्हणून मला या नावाची गंमत वाटते. खाते विद्यार्थ्याचे, पण भरणा महाविद्यालयाने आणि विद्यापीठाने करायचा. म्हणजे पैसे आपले आणि स्लिप दुसऱ्याने भरायची! म्हणून जुने महाविद्यालय सोडण्यापूर्वी आपल्या खात्यावर दोन्ही सत्रांची श्रेयांके जमा झालेली दिसतात का, हे स्वतः पाहावे. दिसत नसतील तर तेथे असतानाच पाठपुरावा करावा. एकदा नाव कमी झाले की त्या कार्यालयातील लिपिकाला आपल्या कामाची निकड राहत नाही. हे मी लिपिक म्हणूनच सांगतो.

जमा झालेली श्रेयांके सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. परंतु जमा आहेत याचा अर्थ नव्या महाविद्यालयाने ती जशीच्या तशी घ्यावीत असा होत नाही. मुख्य विषय जुळत असेल आणि विद्यापीठ तेच असेल तर फारसे अडत नाही. अडते ते लहान विषयांपाशी. मुंबईच्या मोठ्या महाविद्यालयात कौशल्याचा म्हणून जो विषय घेतला तो पालघरला किंवा बोर्डीला नसेल, तर त्याच्या जागी काय धरणार? त्यातही जुने महाविद्यालय स्वायत्त असेल तर प्रश्न आणखी नाजूक होतो. स्वायत्त महाविद्यालयाला स्वतःचा अभ्यासक्रम ठरवता येतो. मुंबईच्या सेंट झेवियर्सला २०१० साली अशी स्वायत्तता मिळाली आणि त्यानंतर अनेक महाविद्यालये त्या वाटेने गेली. स्वायत्त महाविद्यालयातून संलग्न महाविद्यालयात, किंवा उलट, जाताना दोन्ही अभ्यासक्रम समोरासमोर ठेवून पाहावे लागतात. नव्या महाविद्यालयातील विषयप्रमुखांना आपल्या जुन्या अभ्यासक्रमाची छापील प्रत दाखवावी. तोंडी वर्णनावर कोणी निर्णय देऊ शकत नाही.

विषय राहिलेला असेल, म्हणजे मुलांच्या भाषेत केटी असेल, तर दुप्पट सावध असावे. पदवीच्या सुरुवातीच्या सत्रांच्या परीक्षा पुष्कळ अंशी महाविद्यालये घेत आली आहेत आणि तृतीय वर्षाच्या परीक्षा विद्यापीठ घेत आले आहे. त्यामुळे राहिलेला विषय जुन्या महाविद्यालयात जाऊन द्यायचा की नव्या, याचे उत्तर लेखी घ्यावे. ते न घेतलेले विद्यार्थी ऐन परीक्षेच्या आठवड्यात या कार्यालयातून त्या कार्यालयात खेपा घालताना दिसतात.

या ठिकाणी आपल्या सर्वांना परिचित असलेली एक गोष्ट आठवते. १९१६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून लंडनला गेले आणि तेथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. परंतु परतण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. मधल्या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, १९२० साली परत गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. त्यांच्या विद्वत्तेविषयी आपण नेहमी बोलतो. निघण्यापूर्वी परवानगी हातात घेण्याची ही व्यवहारदृष्टीही विद्यार्थ्यांनी पाहण्यासारखी आहे.

आपल्याकडे नेमके उलट होते. रागाच्या भरात अथवा घाईत आधी जुन्या महाविद्यालयातून दाखला काढतात आणि मग नव्याचा शोध सुरू करतात. दाखला काढणे हे शेवटचे काम आहे. आधी नव्या महाविद्यालयात द्वितीय वर्षाला जागा आहे का ते पाहावे, विषय जुळतात अशी खात्री करावी, त्यांचे प्रवेश देण्यास तयार असल्याचे पत्र घ्यावे, मग जुन्या महाविद्यालयाकडून ना हरकत प्रमाणपत्र आणि सर्वांत शेवटी दाखला. द्वितीय वर्षाच्या जागा म्हणजे बहुधा कोणी सोडून गेल्याने रिकाम्या झालेल्या जागा. त्या जूनमध्ये असतात आणि ऑगस्टमध्ये नसतात.

माझ्या गल्ल्यावर गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी आधार क्रमांक खात्याला जोडण्यासाठी आली होती. नाव देत नाही. तिने दाखला आधी काढला होता. नव्या ठिकाणी तिला सांगण्यात आले की तुमचा गौण विषय आमच्याकडे नाही, प्रथम वर्षाला बसा. जुन्या ठिकाणी परत गेली तर तिची जागा भरली होती. तिच्याजवळ उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका होती, हातात दाखला होता आणि बसायला वर्ग नव्हता. पुढे दोन महिन्यांनी एका लहानशा महाविद्यालयाने तिला सामावून घेतले. तेथील प्राध्यापकांनी स्वतः बसून दोन्ही अभ्यासक्रम ताडून पाहिले आणि एक विषय जादा तास घेऊन पूर्ण करून दिला. लहान महाविद्यालयाचे मोल येथे कळते. मोठ्या ठिकाणी खिडकीवरूनच नकार मिळतो; लहान ठिकाणी विषयप्रमुख भेटू शकतात, प्राचार्यांपर्यंत जाता येते. म्हणून दोन लहान महाविद्यालयांची तुलना करताना मी तरी हे पाहीन की आपल्या प्रश्नाला कोण थेट उत्तर देते. जेथे तीनदा “उद्या या” असे ऐकू येते तेथे प्रवेश मिळाल्यावरही तेच ऐकावे लागणार.

शिष्यवृत्तीविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण आपल्या समाजातील बहुतेक विद्यार्थ्यांचे शिक्षण तिच्यावर अवलंबून आहे. १९९० साली अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला. तेव्हा महाविद्यालय बदलताना दाखल्यावरील धर्म व जातीची नोंद आपल्या जातप्रमाणपत्राशी जुळते का हे दाखला हातात पडताक्षणी वाचावे. नवे महाविद्यालय त्या दाखल्यावरूनच आपल्या नोंदवहीत लिहिणार. एका अक्षराच्या फरकाने अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्याच पातळीवरचे शिक्षण दुसऱ्या शाखेत नव्याने सुरू केले तर मात्र ती मिळत नाही, उदाहरणार्थ बी.ए. झाल्यावर पुन्हा बी.कॉम. केले तर. “प्रथम वर्षाला पुन्हा बसा, शाखा बदला” असा सल्ला कोणी सहज दिला तर त्याचा शिष्यवृत्तीवर काय परिणाम होईल, हे समाजकल्याण कार्यालयात विचारूनच पुढे जावे. महाडीबीटीवर नूतनीकरणाचा अर्ज करताना जुन्या महाविद्यालयाचे नाव तसेच राहिले तर अर्ज जुन्या लिपिकाच्या यादीत जाऊन पडतो आणि नव्याला त्याचा पत्ताही नसतो. नव्या महाविद्यालयातील शिष्यवृत्ती पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रवेशाच्या दिवशीच भेटावे.

रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते. दोन बँकांत खाती असतील तर आधार जेथे शेवटी जोडला तेथे ती जाते, आणि मुले दुसरेच पासबुक भरून घेत बसतात! त्या रकमेत फीचाही भाग असतो, तो महाविद्यालयात भरायचा असतो. घरात पैसे आले म्हणून हप्ता फेडला, आणि मग फी थकली म्हणून गुणपत्रिका अडली, अशी उदाहरणे आहेत. येथे अनुदानित आणि विनाअनुदानित असा फरक महत्त्वाचा ठरतो. विनाअनुदानित अभ्यासक्रमाची फी मोठी असते आणि शिष्यवृत्ती येण्यास उशीर झाला तर तेवढी रक्कम घरातून उभी करावी लागते. एकाच महाविद्यालयात एक तुकडी अनुदानित व दुसरी विनाअनुदानित असू शकते. आपल्याला कोणत्या तुकडीत जागा मिळते आहे, हे पावती फाडण्यापूर्वी विचारावे.

नॅकच्या श्रेणीबद्दल दोनच शब्द. ही परिषद १९९४ साली स्थापन झाली. कमानीवर रंगवलेली श्रेणी कोणत्या वर्षी मिळालेली आहे तेवढे पाहावे.

काही कुटुंबे वापीकडे पाहतात, कारण गाडी थेट आहे आणि कोणी ना कोणी नातेवाईक तेथे कामाला असतो. वापीची महाविद्यालये सुरतच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या कक्षेत येतात. म्हणजे राज्य बदलले, विद्यापीठही बदलले. स्थलांतर प्रमाणपत्र लागेल, नव्या विद्यापीठाची पात्रता लागेल आणि अभ्यासक्रम जुळवण्याचा प्रश्न येथल्यापेक्षा मोठा असेल. आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला, पण विद्यापीठ मुंबईचेच राहिले. त्यामुळे पालघर, बोर्डी किंवा तलासरीच्या कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालयात बदली घेताना ही अडचण येत नाही. कला वा वाणिज्य शाखेच्या ज्या विद्यार्थ्याला दिवसा नोकरीच करावी लागणार आहे, त्याच्यासाठी १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

दोन्ही महाविद्यालये प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. सुटीच्या दिवशी जाऊ नये, कामाच्या दिवशी जावे, आणि शक्य तर दुपारी. प्रयोगशाळा उघडी आहे का, ग्रंथालयात मुले बसलेली आहेत का, द्वितीय वर्षाच्या वर्गात शिकवणे चालू आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बोईसर-सरावलीकडची एक-दोन मुले हमखास भेटतात. ती कोणत्या गाडीने येतात आणि कोणत्या विषयाचे तास बुडतात, ते माहितीपुस्तिकेपेक्षा अधिक खरे सांगतात.

वर सुचवलेले प्रश्न एका कागदावर लिहून प्राचार्यांच्या नावे अर्ज करावा. सोबत दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका, जुना अभ्यासक्रम व जातप्रमाणपत्र यांच्या झेरॉक्स जोडाव्यात. अर्जाची दुसरी प्रत जवळ ठेवावी आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.